आत कौतुक करू नये

आमच्या दारावर एक पाटी आहे : 'आत कौतुक करू नये.' तिच्याखाली माझ्या आजोबांनी बारीक अक्षरात जोडलंय, 'बाहेर येऊन करावे.' नवीन गिऱ्हाईक ही पाटी वाचतं, हसत हसत आत येतं आणि पहिलं वाक्य टाकतं, "अय्या, किती मस्त पाटी आहे!" की झालं. यंत्राच्या तोंडाशी आलेल्या हंसाचं बदक होतं आणि बाबा डोक्याला हात लावून बसतात.

आमचं यंत्र म्हणजे घडवणी. जादूपासून शोभेच्या वस्तू घडवते ती घडवणी. कच्ची जादू रोज सकाळी जादूवाला डब्यांतून आणून ठेवतो. दिसायला ती कपड्यांच्या खळीसारखी, वास ओल्या खडूचा. वरच्या नरसाळ्यात ती ओतायची, बाबांनी पायाने पायडल मारत हाताने चाक फिरवायचं, की पुढच्या तोटीतून ती लकाकत बाहेर येते. मग मी दोन लाकडी पळ्या घेऊन तिला वळण लावायचं. फुलदाण्या, मोर, आरशांच्या चौकटी, टांगायचे दिवे, जे म्हणाल ते. गावात असं काम करणारं दुसरं दुकान आहे, पण त्यांच्या मोरांना मान नसते, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आता यातली अडचण सांगते. जादूसारखी स्वतःवर खूष असलेली वस्तू जगात दुसरी नाही. ओली असते तोवर तिला सगळं ऐकू येतं, आणि खोलीत जे काही बोललं जातं ते आपल्याबद्दलच, अशी तिची ठाम समजूत असते. कौतुक ऐकलं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं असं आपण नुसतं म्हणतो. जादूच्या अंगावर ते खरोखर चढतं. "आज हवा छान आहे" एवढं कुणी म्हटलं तरी सुरईची घागर होते. उलट तिला टोकलं, तिचं उणं काढलं, की ती पोट आत घेते, मान ताठ करते आणि अशी काही नाजूक होते की बघत राहावं. मनातल्या मनात.

म्हणून आमच्या धंद्यात प्रत्येक घडवणीशेजारी एक खुर्ची असते आणि त्या खुर्चीत एक टोकणारी. आमची टोकणारी म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. एका फुलदाणीला तिने एकदा विचारलं होतं, "तुझ्यात फुलं ठेवायची की सरपण?" ती फुलदाणी ओशाळून इतकी सडपातळ झाली की ती आता एका मोठ्या घरात मिरवते. आत्याचं लग्न झालं नव्हतं. सांगून आलेल्या प्रत्येक स्थळात तिने एवढी उणी काढली की ती माणसं स्वतःच आपल्या घरी जाऊन विचार करत बसली.

यंत्राशेजारी आणखी एक गोष्ट असते : कपभर चहा. तो प्यायचा नसतो. तोटीतून वस्तू निघाली की तो ओतून ठेवायचा आणि त्याच्यावर साय धरली की समजायचं, जादू सुकली, आता काही बोललं तरी चालेल. लहान वस्तूला कप, मोठीला तांब्या. आजोबांपासून हेच चालत आलंय.

आमचं राहणं कारखान्याच्याच मागे, मध्ये फक्त एक पडदा. त्यामुळे कौतुकाची बंदी घरातही. जेवण आवडलं तर मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. शाळेत मला चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा बाबांनी मला हाताला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं, मागे वळून खात्री केली आणि कानात "शाब्बास" म्हटलं. आमच्या घरात कौतुक करायला कोपऱ्यावर जावं लागतं. आत्याचे गुडघे दुखायचे, ती खुर्ची सोडून कोपऱ्यापर्यंत कधी आली नाही. तिने ते चित्र बघितलं आणि म्हणाली, "हा घोडा आहे? मग याला टेबलाचे पाय का लावलेस?" खरं सांगायचं तर मला ते लागलं. पुढच्या चित्रात मी घोड्याचे पाय नीट काढले, ही गोष्ट वेगळी.

पहिला हंस घडवला तेव्हा, "मान आहे की पाण्याची नळी?" केस कापून आले तेव्हा, "न्हाव्याशी भांडण झालं का?" मी वाट बघायची. कधीतरी यंत्र बंद असेल, जादू सुकलेली असेल आणि आत्या काहीतरी बरं बोलेल. यंत्र पुष्कळदा बंद असायचं. आत्या बंद व्हायची नाही.

तर अशा घरात कुलूपकाका आले.

डबे ठेवायच्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून बाबांनी त्यांना बोलावलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला गोल चेहऱ्याचा माणूस, खिशात किल्ल्यांचा खुळखुळाट. पाटी त्यांनी वाचली नाही, कारण त्यांचं लक्ष दाराच्या कुलपाकडे होतं. कपाट उघडून दिलं, हात पुसले, आणि यंत्राशेजारचा चहा बघून म्हणाले, "अहो, कशाला उगाच त्रास घेतलात!" कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कप तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वा! काय फक्कड झालाय!"

तोटीवर एक मोर होता. त्याचं पोट सुटत सुटत गेलं आणि शेवटी तो मटकन खाली बसला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी पळ्या खाली ठेवल्या. आत्याने श्वास आत घेतला, आणि आता या माणसाची काही धडगत नाही असं मला वाटत होतं, तेवढ्यात आत्या हसली. नुसती हसली नाही, खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घरात चोर शिरला असता तरी बाबा इतके दचकले नसते.

त्यानंतर कुलूपकाका कुलपांची खबर घ्यायला येऊ लागले. आमच्या घरात कुलपं तीनच, पण त्यांना तेल लागतंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. काका बाहेरच्या पायरीवर बसायचे, आत्या काम झालं की गुडघे धरत बाहेर जायची. कोपऱ्यापर्यंत न येणारी आत्या! मी खिडकीतून बघायची. काका तिला म्हणायचे, "तुमच्यासारखं स्पष्ट बोलणारं माणूस मी पाहिलं नाही हो. ऐकायला बरं वाटतं." आणि आत्या पायरीवरची नसलेली धूळ झटकायची.

एके दिवशी मात्र ते थेट आत आले आणि त्यांनी तिला स्वतः घडवलेलं एक कुलूप दिलं. त्याला दोन किल्ल्या होत्या. "नव्या घराला लावू म्हणतो," ते म्हणाले. "एक किल्ली तुमची. म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तर." आत्याने कुलूप हातात घेतलं, उलटसुलट केलं, डोळ्यांजवळ धरलं. आम्ही पडद्याआड श्वास रोखून उभे.

"याची कडी," ती म्हणाली, आणि थांबली. "कडी छान आहे."

कारखान्यात धप्प असा आवाज झाला. तोटीवर हंस होता. त्याच क्षणी मला कळलं की आत्या आता हातची गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिला काही दिसेचना. म्हणजे वाईट दिसेचना. वाकड्या फुलदाणीकडे बघून म्हणायची, "असू दे गं, तिचाही एक डौल आहे." फुलदाण्यांचे रांजण झाले. आरशाची चौकट इतकी सुजली की मध्ये आरसा उरला नाही. बाबा हताश होऊन म्हणाले, "ताई, निदान माझ्याबद्दल तरी काहीतरी बोल." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू फार कष्ट करतोस रे," ती म्हणाली आणि एक आख्खा मोर वाया गेला.

आणि नेमकं अशातच झुंबराचं काम आलं. गावच्या नाट्यगृहाचं झुंबर, बारा फांद्यांचं, प्रत्येक फांदीला दिव्याची वाटी. आजोबा आयुष्यभर ज्याची वाट बघत होते ते काम.

आत्याने त्याच संध्याकाळी कुलूपकाकांना उत्तर दिलं. मी ऐकलं, कारण मी ऐकतच होते. "झुंबर धड निघालं आणि खुर्चीत बसायला कुणी मिळालं, तर मी येते. नाहीतर हे घर मी वाऱ्यावर सोडू शकत नाही. लहान भाऊ आहे माझा. आणि ही कार्टी." काका नुसतं "बरं" म्हणाले आणि तेलाची बाटली खिशात घालायला विसरून निघून गेले.

मग आम्ही टोकणारं माणूस शोधू लागलो. शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक स्वतःहून आले. खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि ओल्या फुलदाणीला म्हणाले, "तुझ्या हातून या जन्मात काही होणार नाही." फुलदाणी आकसत आकसत गेली आणि तिचा चमचा झाला. चमचाही इतका हिरमुसलेला की बाबा अजून त्याने साखर घेत नाहीत. आत्या म्हणाली, "याला टोकणं म्हणत नाहीत. ही तर कत्तल झाली." मुख्याध्यापकांना फीही नको होती, त्यांना म्हणे घरी कुणी ऐकत नाही.

मग बाबांनी मला बसवलं. मी म्हटलं, "हे जरा वाकडं वाटतंय, नाही का?" फुलदाणी जांभई दिल्यासारखी पसरली. खोटी तक्रार जादूला लगेच कळते. माझ्या मनात त्या बिचाऱ्या फुलदाणीबद्दल काही नव्हतंच.

"मनापासून टोक," आत्या म्हणाली.

"तू कसं करायचीस?"

"त्यात करायचं काय? मी कुणालाही टोकते का? त्या जादूवाल्याला कधी एक शब्द बोलले? त्याच्याकडून मला काय अपेक्षा!"

मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. मला राग आला होता. आत्याने जावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, आणि तिचं जाणं माझ्याच जिभेवर अडून बसलं होतं. सगळ्या जगाशी मी फटकळ बोलते असं बाबा म्हणतात, आणि ऐन वेळी एका फुलदाणीपुढे माझी वाचा बसते.

झुंबराचा दिवस उजाडला. झुंबर एकाच ओघात काढायचं असतं, मध्ये थांबता येत नाही. एवढ्या मोठ्या वस्तूला तांब्याही पुरणार नव्हता, म्हणून पातेलंभर उकळता चहा यंत्राशेजारी ठेवला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक बघायला आले होते, त्यांना बाबांनी बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि हातात वर्तमानपत्र दिलं. कुलूपकाका खिडकीबाहेर बिजागरीला तेल घालत होते. ती बिजागरी गेल्याच आठवड्यात तेल पिऊन तृप्त झाली होती.

बाबांनी चाक फिरवलं. मधला दांडा निघाला, एकेक फांदी फुटू लागली. मी पळ्या चालवत होते. आत्याने सुरुवात तरी बरी केली.

"ती डावीकडची बघ, कशी लोळतेय. तिला म्हणावं..." तिची नजर खिडकीकडे गेली. काका तेल घालत होते. "बरी दिसतेय की," आत्या म्हणाली.

डावीकडची फांदी फुगली.

"ताई!" बाबा ओरडले.

"अरे, मी काय करू? मला सगळं चांगलंच दिसतंय रे!"

हे ऐकल्यावर तर काही विचारू नका. बाराच्या बारा फांद्या एकदम सुखावल्या. दांड्याला पोट आलं, वाट्यांची घमेली झाली. झुंबर कसलं, भोपळ्यांचा वेल झाला. बाबा पायडल मारता मारता रडकुंडीला आले. "संपलं," ते म्हणाले. "ताई, संपलं सगळं."

खिडकीबाहेर कुलूपकाकांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग झुंबराकडे, मग भावाकडे. तिचा चेहरा उतरला. आणि ती अगदी हळू, मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं अशा गरीब आवाजात म्हणाली, "ठीक आहे. मी इथंच राहते."

माझं डोकं फिरलं.

"काय ठीक आहे?" मी म्हणाले. पळ्या हातातच होत्या, हात चालूच होते. "काय ठीक आहे गं, आत्या? आयुष्यभर दुसऱ्याला सरळ उभं राहायला सांगितलंस आणि आता स्वतः मान टाकतेस? एक माणूस तुझ्याशी बरं बोलतो, तर त्याच्याबरोबर धड जाताही येत नाही तुला?"

आत्या खुर्चीतून अर्धवट उठली. मी थांबले नाही. बोलायला मी काय म्हातारी होईपर्यंत थांबायचं होतं?

"माझ्या घोड्याला टेबलाचे पाय! माझ्या हंसाला पाण्याची नळी! न्हाव्याशी भांडण! रात्रंदिवस या खुर्चीत बसून गावभरच्या फुलदाण्यांना घडवलंस, पण माझ्यासाठी एकदा, एकदा तरी उठून कोपऱ्यापर्यंत आलीस का? बाबा यायचे. मी मागे वळून बघायची, तू येतेस का म्हणून. गुडघे दुखतात! कुलपांचं तेल बघायला कसे गं नाही दुखले? आणि मी मूर्ख, अजून वाट बघतेय! अजून हंसाची मान करताना माझ्या मनात तू असतेस, की आता तरी ही बया काही बोलेल!"

बाबा माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होते. मला वाटलं, गप्प बस म्हणतायत. ते म्हणत होते, चालू ठेव. कारण झुंबर दचकलं होतं. दांड्याने पोट आत घेतलं होतं. एकेक फांदी ओशाळून सरसर बारीक होत होती, लांब होत होती, टोकाशी कशी सुरेख वळत होती. घमेल्यांच्या पुन्हा वाट्या झाल्या, वाट्यांना पाकळ्या फुटल्या. आणि माझ्याकडे अजून पुष्कळ माल शिल्लक होता. शाळेच्या संमेलनापासून मागच्या मंगळवारपर्यंत सगळं काढलं. बाबा वेड्यासारखे चाक फिरवत होते आणि मी रडत होते आणि हात आपोआप वळणं देत होते.

शेवटची फांदी तोटीतून सुटली तेव्हा माझा दमही संपला. मी नाक पुसलं.

आत्या उठून उभी होती. ती झुंबराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिने एक गोष्ट केली. वाकून पातेल्यात डोकावली. चहावर साय धरली होती, पातेलंभर, घट्ट. फक्त एका कडेला, नखाएवढ्या जागेत, चहा अजून उघडा होता. आत्याने ते नीट पाहिलं. सगळं आयुष्य त्या सायीकडे बघण्यात गेलेली बाई ती.

मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "किती छान झालीयेस गं तू."

शेवटची फांदी टम्म फुगली.

"ताई!" बाबांनी किंकाळी फोडली, पण तेवढ्यात सायीने कड गाठली. झुंबर पक्कं झालं. अकरा फांद्या दवात भिजलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या आणि बारावी वांग्यासारखी.

खिडकीतून कुलूपकाकांनी तोंड उघडलं. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "थांबा!" त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. बाबांनी सायीवर बोट टेकवून पाहिलं आणि मान हलवली. मग काका जे सुटले ते थांबेचनात. झुंबर, फांद्या, वाट्या, माझे हात, बाबांचे पाय, आत्याचे डोळे, पातेलं, चहा, सगळ्याचं कौतुक झालं. साचून राहिलं होतं बिचाऱ्यांचं.

बाबा त्या फांदीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही कापून दुसरी जोडू."

"हात तर लावून दाखवा," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून बाबांनी स्वतःचंच पोट आत घेतलं.

"बघ," आत्या त्यांना म्हणाली. "खुर्चीचा प्रश्न सुटला. मी चालले." आणि ती गुडघे न धरता बाहेर गेली.

व्यवस्थापकांनी आत येऊन झुंबर पाहिलं आणि विचारलंच, "ही एक फांदी अशी का?" बाबांनी चेहरा गंभीर केला. "ती जड ठेवावी लागते. तोलासाठी." व्यवस्थापकांनी समजल्यासारखी मान हलवली. आता ते प्रत्येक पाहुण्याला तोलाची गोष्ट समजावून सांगतात.

खुर्चीत आता मी बसते. पळ्या बाबांनी एका नव्या मुलीला दिल्या आहेत. तिचे मोर ठीक असतात. म्हणजे मी तिला काय सांगते ते विचारू नका, पण परवा तिला बक्षीस मिळालं तेव्हा मी उठून तिला कोपऱ्यावर घेऊन गेले. आत्या आणि काका येतात. त्यांना आत घेत नाही आम्ही, परवडत नाही. दोघं बाहेरच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं कौतुक करत असतात.

नाट्यगृहात मी अधूनमधून जाते. पडदा वर जायच्या आधी झुंबर लागतं आणि लोक वर बघून म्हणतात, काय नाजूक काम आहे! मग कुणाची तरी नजर त्या सुजलेल्या फांदीवर जाते आणि तो शेजाऱ्याला म्हणतो, "एवढं चांगलं झुंबर, तेवढी एक फांदी बिघडली बघा." बाकीच्या अकरा फांद्या नाट्यगृहाच्या आहेत. ती बारावी माझी.